मुळापासून

आमच्या भाऊकाकांना भेटायला जाताना अंगात जुना सदरा असावा. खालची शिवण थोडी उसवलेली असेल तर फारच बरं, त्यांना कष्ट पडत नाहीत. दार उघडल्यावर ते आधी "ये" म्हणतात, मग सदऱ्याचं टोक चिमटीत धरतात, खिशातून घडीचं पितळी भिंग काढून कापडावर ठेवतात आणि एका इंचात उभे धागे किती, आडवे किती ते मोजू लागतात. आपण उंबऱ्यातच. मोजणी झाली की एक सुटा धागा हलकेच ओढून घेतात, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून त्याचा पीळ उलगडतात, तंतू मोकळे झाले की उजेडाकडे धरतात आणि विचारतात, "केवढ्याला घेतला?" आपण आकडा सांगतो. त्यावर ते "हं" म्हणतात. पुढे चहा येतो, पोहे येतात, पण त्या "हं"नंतर तो सदरा पुन्हा म्हणून अंगाला लागत नाही.

भाऊकाका ज्या जमातीतले आहेत ती महाराष्ट्रात सगळीकडे आढळते, पुण्यात जरा जास्त. साधा माणूस एखादी गोष्ट शिकायला लागला की पायरीपायरीने पुढे जातो. या जमातीतला माणूस पायरीपायरीने मागे जातो. त्याला पोहे करायला बसवा, तो भाताचं वाण विचारेल. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये ही म्हण अशांसाठीच झाली असणार, आणि ती ऐकवल्यावर "ही म्हण मुळात कुणाची?" असंही त्यांनी विचारलं असणार. त्यात काकांचा उभा जन्म सरकारी लेखापरीक्षणात गेलेला. समोरची बेरीज बरोबर आहे, एवढ्याने तिथे भागत नसे. बेरजेमागे खतावणी, खतावणीमागे कीर्द, कीर्दीमागे प्रमाणक, आणि प्रमाणकावर सही करणारा इसम त्या तारखेला हयात होता की नाही हेही बघायचं. निवृत्तीनंतर कीर्द-खतावण्या कचेरीतच राहिल्या, सवय तेवढी पेन्शनबरोबर घरी आली.

सुरुवात स्वेटरपासून झाली. नातवाचा पहिला वाढदिवस ऐन थंडीत येत होता आणि काकूने निळ्या लोकरीचे गुंडे आणून सुया हातात घेतल्या होत्या. काका शेजारी बसून गुंड्यावरचा कागद वाचत होते. (औषधाची बाटली असो, बिस्किटाचा पुडा असो, कागद ते शेवटपर्यंत वाचतात.) त्यावर बारीक अक्षरात छापलं होतं: शंभर टक्के ॲक्रिलिक.

"अगं, यात मेंढी कुठेच नाही," काका म्हणाले.

"मग काय आहे?"

"खनिज तेल. तू पोराला पेट्रोल पंप घालते आहेस अंगात."

"एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस," काकू म्हणाली. ती टाके मोजत होती.

त्याच रात्री काकांनी जाहीर केलं की नातवाचा स्वेटर ते स्वतः कातलेल्या लोकरीचा करणार. काकूचा निळा स्वेटर वाढदिवसाच्या आत पुरा झाला, त्याच्या छातीवर पिवळं बदकही आलं. पुढे दर थंडीला एकेक माप वाढवत तिने आणखी विणले. काकांचा पहिला अजून व्हायचाय. नातू यंदा दुसरीत गेला.

लोकरीचं मूळ मेंढीत, म्हणून काका मेंढीकडे गेले. दिवाळीनंतर धनगरांचे कळप देशावरून कोकणाच्या वाटेला लागतात. सासवडच्या बाजूला एका माळावर वाडा उतरला होता, तिथे काका मोटार घेऊन हजर. दख्खनी मेंढीची लोकर काळी, राठ, जाड. घोंगडीला अव्वल, पण आता तिला गिऱ्हाईक नाही, बऱ्याचदा कातरणीचा खर्चसुद्धा निघत नाही. त्यामुळे काकांनी "भाव काय?" असं विचारल्यावर तिथले म्हातारबुवा आधी काकांकडे, मग मोटारीकडे, मग परत काकांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "न्या की." फुकटचा माल काकांच्या तत्त्वात बसेना, आणि पावती मागायची सोय नाही. शेवटी काही नोटा आणि चहाचा पुडा म्हातारबुवांच्या हाती ठेवून एक पोतं डिकीत आलं. त्यात लोकर होती, तसेच काटे, कुसळं, लेंड्या, माती आणि मेंढीच्या अंगचं तेलही होतं. हे तेल म्हणजे लॅनोलिन. हाताला मऊ लागतं. नाकाचं मत वेगळं पडतं. दोन दिवसांत तळमजल्यावरचे लोकही काका कितव्या मजल्यावर राहतात ते न विचारता सांगू लागले.

मग धुणं. काकांनी गरम पाणी, साबण आणि वॉशिंग मशीन या तिघांना एकत्र आणलं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. साबणाच्या गरम पाण्यात ते उघडतात, वर घुसळण झाली की एकमेकांत अडकतात, आणि एकदा अडकले की ब्रह्मदेव आला तरी सुटत नाहीत. मशीनचं झाकण उघडलं तेव्हा आतून बोटभर जाडीचं, काळं, कडक असं काहीतरी निघालं आणि ते ड्रमचा आकार धरून उभं राहिलं. काकू म्हणाली, "पायपुसणं होईल." काका दुखावले. "हे जेन आहे," ते म्हणाले. "लोकर पाणी घालून तुडवत तुडवत जेन करतात. करणारे हात आता मोजके उरलेत. आपल्याला पहिल्याच दिवशी जमलं." जमलं ते ठरवून की न ठरवता, हा मुद्दा अहवालात आला नाही. काका हल्ली त्याच जेनावर बसून काततात.

दुसऱ्या खेपेला गार पाणी, हलका हात. मग विंचरणी. लोकर विंचरायला दोन दातेरी फण्या लागतात, त्या महाग. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे पॉमेरेनियन आहे, त्याचा तारांचा ब्रश तंतोतंत त्याच कामाचा निघाला. काकांनी तो दोन दिवसांच्या बोलीवर आणला, आणि परत करायला गेले तेव्हा कुत्र्याच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवत "याचे केस गळतात का हो? टाकून देता का?" असं विचारलं. तेव्हापासून बाई त्याला काकांच्या वेळा टाळून फिरायला नेतात.

चातीसाठी एक लाकडी काठी आणि काकूच्या भजनांची एक सीडी कामी आली. लोकरीचा तंतू लांब, त्यामुळे चाती हवेत लोंबती ठेवून फिरवली तरी धागा तग धरतो. धागा झाला. जाड, बारीक, परत जाड, मध्ये एक कुसळ, पण धागा. काकांनी तो मोठ्या कौतुकाने नातवाच्या गळ्याभोवती धरला. पोराने जो टाहो फोडला तो समोरच्या इमारतीत ऐकू गेला. घोंगडीची लोकर ती. मागावर विणून, चिंचोक्याची खळ देऊन, मृगाच्या पावसात डोक्यावर घ्यायची. वर्षाच्या पोराच्या मानेचा आणि तिचा काय संबंध? काकांनी वहीत "लोकर: तूर्त स्थगित" असा शेरा मारला आणि ते कापसाकडे वळले.

टकळी काकांना नवी नव्हती. त्यांच्या लहानपणी शाळेत मूलोद्योग असे. वर्ध्याच्या परिषदेत १९३७ साली गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, तीच नयी तालीम. ती गावोगाव झिरपत काकांच्या शाळेपर्यंत आली तेव्हा एक टकळी, एक पेळू आणि गुरुजींचं "गप बसा, सूत काढा" एवढीच शिल्लक राहिली होती. चौथीत सूतकताईत आपला पहिला नंबर होता, असं काका सांगतात. त्यांचे थोरले बंधू, म्हणजे माझे वडील, याला एक तळटीप जोडतात: भाऊ लिमलेटच्या गोळ्या देऊन शेजारच्या पोराचं सूत आपल्या नावावर दाखवायचा. या व्यवहाराचं प्रमाणक उपलब्ध नाही, असं काकांचं उत्तर.

टकळी दिसायला किती गरीब! पोलादी सळई, खाली पितळी चकती, वर बारीक आकडा. चकतीखालचं टोक वाटीत टेकवायचं, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने गिरकी द्यायची, डाव्या हातात पेळू धरून तो हात हलकेच वर न्यायचा. गिरकीने पीळ चढतो, ओढीने तंतू पसरतात. दोन्हींचा मेळ बसला तर सूत. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर, त्याला पीळ भरपूर लागतो आणि वेळेवर लागतो. पीळ घाईने चढला तर पेळूचं तोंड आवळून बसतं, कितीही ओढा, कापूस सुटत नाही. ओढ घाईने झाली तर तंतू एकमेकांचा हात सोडतात, आणि टकळी वाटीत आडवी पडते. ठण्ण! काकांनी यासाठी काकूची काशाची वाटी घेतली होती, त्यामुळे काशाचा नाद. पहिले कित्येक दिवस सकाळी सहा ते आठ आमच्या इमारतीत कुणाच्या तरी घरी पूजा चालली आहे, असा नव्या भाडेकरूंचा समज झाला होता.

आपण असतो तर चिडलो असतो. काकांनी वही घातली. वहीचं नाव "तूटफूट नोंद". रकाने पाच: दिनांक, वेळ, तुटण्याची जागा, कारण, शेरा. ही वही मी वाचलेली आहे आणि काकांच्या सगळ्या उद्योगातली ही एक वस्तू जतन करावी असं माझं प्रामाणिक मत आहे. "कारण: पीळ अधिक." "कारण: पीळ उणा." "कारण: दूधवाल्याची बेल." "कारण: हिचं हसणं." "कारण: हिचं हसू दाबणं." एका पानावर नुसतं "कारण: अज्ञात. चौकशी चालू" असं आहे आणि त्याखाली तांबड्या शाईत सही.

तुटलेलं, सांधलेलं, गाठाळलेलं सूत साठलं की त्याचा अंक काढायचा. ८४० यार्डांची एक लड, आणि एका पौंडात अशा जितक्या लडी भरतील तितका सुताचा अंक. वीस लडी भरल्या तर वीस अंकी. सूत जितकं बारीक तितका अंक मोठा. काकांनी सोनाराचा असतो तसला इवलासा काटा मागवला. पहिल्या दिवसाचं एकूण उत्पादन चार मीटर, वजन दोन ग्रॅम. कागदावर गुणाकार-भागाकार झाला आणि उत्तर आलं: एक पूर्णांक अठरा शतांश.

"म्हणजे चांगलं की वाईट?" काकूने विचारलं.

"म्हणजे मोजता येतं," काका म्हणाले.

महिनाभराने अंक सहावर गेला. त्या सुताने काकूने लोणच्याच्या बरणीचा दादरा बांधला, तो अजून सुटलेला नाही, सोडवतच नाही. मग काकांनी हिशेब पुढे ओढला. इंचात चाळीस उभे आणि चाळीस आडवे धागे धरले तर एका चौरस मीटर कापडाला तीन हजार मीटरच्या वर सूत लागतं, हजार मीटरची एक याप्रमाणे तीन गुंड्यांच्या वर. दिवसाला चार मीटर या वेगाने दोन वर्षं, अधिक सुट्ट्या. "टकळीने होणार नाही," काका म्हणाले, आणि पेटी चरखा घरात आला.

पेटी चरखा म्हणजे ब्रीफकेसएवढी लाकडी पेटी. झाकण उघडलं की आत दोन चाकं, एक मोठं, एक धाकटं, त्यांना जोडणारी माळ, आणि बाजूला उभी करायची चाती. याला येरवडा चरखा असंही म्हणतात. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते त्या काळात, १९३०च्या आसपास, ही सुटसुटीत, हातात धरून कुठेही न्यायची रचना आकाराला आली. चरख्याचं मूळ आपल्याच शहरात, रिक्षाच्या अंतरावर, हे कळल्यावर काकांची छाती भरून आली. ते चरखा घेऊन मेट्रोने निघाले. स्थानकावरच्या सुरक्षा यंत्रात पेटी गेली आणि पडद्यावर दोन चाकं, तारा आणि एक टोकदार पोलादी सळई दिसली. पुढची पंधरा मिनिटं भाऊकाका फलाटाबाहेर जमिनीवर मांडी घालून सुरक्षा रक्षकांना सूत काढून दाखवत होते. तुटलं. "बघा, हे पीळ अधिक झाल्यामुळे," त्यांनी समजावलं. त्यातल्या एका पोरीच्या आजीकडे असा चरखा होता म्हणे. तिने माळ ढिली असल्याचं काकांच्या लक्षात आणून दिलं. काकांनी तिथेच वही काढली.

हाती सहा अंकी सूत आणि तोंडी अख्खं सूतशास्त्र, याबद्दल एकदा मी त्यांना छेडलं. काका तयार होते. गांधीजींनी "हिंद स्वराज" लिहिलं, त्यात हातमाग आणि चरखा सांगितला, तेव्हा त्यांनी स्वतः दोन्ही पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं, हे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. नंतर गंगाबेन मजमुदारांनी गुजरातभर शोध करून बडोदे संस्थानातल्या विजापूरला अडगळीत पडलेले चरखे हुडकून काढले. "आधी पुस्तक, मग चरखा," काका म्हणाले. "मी निदान चरखा आधी घेतला."

गांधीजींच्या बाबतीत काकांना एका गोष्टीने मात्र झोप येत नव्हती. चरखा संघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी कडक: यंत्र झोपडीत चालावं, एकट्या बाईला झेपावं, किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये, वीस वर्षं टिकावं. देशोदेशींच्या कारागिरांनी डोकी खाजवली, पण बक्षीस कुणालाच मिळालं नाही. हे वाचून दुसरा एखादा नवा चरखा करायला बसला असता. काका गंभीर झाले. "बक्षीस दिलं गेलं नाही, म्हणजे रक्कम अखर्चित. मग ती वर्ग कुठल्या खाती केली?" हा प्रश्न त्यांनी मला रात्री साडेदहाला फोन करून विचारला होता.

रंगाच्या प्रकरणात मी शिरत नाही. सुताला रंग धरवण्यासाठी आधी हिरड्याचं पाणी, मग तुरटी, मग डाळिंबाच्या साली, आणि हे सगळं काकूच्या वरणाच्या कुकरात, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. त्या दिवसानंतर कुकरला कुलूप नाही, एवढंच.

अशा माणसांचा आपल्याला आतून हेवा वाटतो, असं लिहायची पद्धत आहे. मला वाटत नाही. मला काकूचा वाटतो.

कारण चरख्यावर हात बसतो न बसतो तोच काकांचं लक्ष पेळूकडे गेलं. कापूस पिंजून, त्याच्या नळ्या वळतात ते पेळू. काका ते विकत आणत होते, आणि ते यंत्रावर पिंजलेले असतात असं दुकानदार सहज बोलून गेला. झालं. खतावणी हाताची आणि कीर्द यंत्राची? काका पिंजाऱ्याच्या शोधात निघाले. एके काळी गल्लीतून धनुकलीच्या तातीचा टणत्कार करत जाणारे पिंजारी आता गादी कारखान्यात मोटार लावून बसलेले. एका म्हाताऱ्या चाचांनी माळ्यावरून धनुकली काढून दाखवली, दोन ठोके दिले, आणि दुकानभर असा कापूस उडाला की समोरच्या दुकानातला चहावाला शिंकत आला. "साहेब, दमा होतो हो याने," चाचा म्हणाले. पण काकांना त्या कापसात सरकीचे बारीक तुकडे दिसले होते. ही सरकी कुणी काढली? जिनिंगच्या कारखान्याने. म्हणजे आणखी एक पायरी मागे.

ही पायरी वर्ध्याला सापडली. मगनवाडीत मगन संग्रहालय आहे, १९३८ सालचं, चरख्यासाठी झटून अकाली गेलेल्या मगनलाल गांधींच्या नावाचं. काका तिथे सकाळी शिरले ते बंद व्हायच्या वेळी चौकीदाराने हाक मारल्यावर निघाले. येताना बोचक्यात वेचणीचा, सरकीसकट कापूस. परतीच्या गाडीत रात्रभर ते बोचकं उशाला. घरी पाटावर कापूस ठेवून त्यावर लोखंडी सळई लाटायची. सरकी पुढे सटकते आणि रुई मागे राहते. कापसाच्या वजनात रुई जेमतेम तिसरा हिस्सा, उरलेली सगळी सरकी. काका ती प्रत्येक वेळी वजन करून ताळा लावत. वासे-तुळया सोडून घराचं वजन करण्यासारखं हे चाललंय, असं काकू म्हणाली. तिला विचारलं तर अर्थ सांगता आला नसता, पण मला तो पटला.

श्रावण तोंडावर होता. काका जेनावर बसून पेळू वळत होते, पेळू एकीकडे जाड, एकीकडे पोकळ होत होते. काकू कोचावर मालिका बघत वाती वळत होती. मांडीवर देवकापसाचा पुंजका, शेजारी वाटीत चिमूटभर राख. कापूस दोन बोटांनी ओढून लांबवायचा, बोटाला राख लावायची, एक वळसा, झाली वात. नजर पडद्यावर. काकांचा हात थांबला. त्यांनी भिंग काढलं, तिच्या ढिगातली एक वात उचलली, पीळ मोजला. दुसरी उचलली. तिसरी.

"अगं, सगळ्यांचा पीळ सारखा आहे!"

"मग काय वाकडा घालू?"

"हे तू कुठे शिकलीस?"

"शिकायचंय काय त्यात? आई वळायची. गप्प बसा, सासू आता घराबाहेर काढतेय तिला."

काकांनी जाहिरात लागेपर्यंत कळ काढली. मग चौकशीतून असं बाहेर आलं की काकूने लक्ष वातींचा नेम एकदा नव्हे, दोनदा पुरा केला आहे. काकांनी कागद घेतला. वात सरासरी पाच सेंटिमीटर, गुणिले एक लाख: पाच किलोमीटर. गुणिले दोन. स्वतःच्या घरात, स्वतःच्या डोळ्यांदेखत, दहा किलोमीटर.

"नोंद कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"देवाकडे."

"आणि वाती?"

"जाळल्या."

लेखापरीक्षणाच्या इतिहासात अशी स्वच्छ दफ्तरनोंद कुणी केली नसेल. काका रात्रभर बोलले नाहीत. सकाळी मात्र ताजेतवाने उठले, कारण पहाटे त्यांच्या ध्यानात आलं होतं की काकूच्या देवकापसातूनही सरकी निघाली होती, आणि सरकी म्हणजे बी. तिने ती पुडीत बांधून ठेवली होती.

"वाण कुठलं?"

"देवाचं," काकू म्हणाली आणि पुडी दिली.

गच्चीवर बारा कुंड्या मांडल्या गेल्या. सहांत देवकापूस, सहांत वर्ध्याहून आलेलं देशी बी. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि देशी वाणं बाजूला पडली, त्याची भरपाई आमच्या गच्चीवर होऊ लागली. रोपं उगवली, पात्या लागल्या, पिवळी फुलं आली. सोसायटीतल्या बायका बघायला आल्या, काकांनी प्रत्येकीला पदर किंवा ओढणी भिंगाखाली ठेवायला लावली. आणि पहिल्या बोंडाबरोबर अळीही आली. जी यवतमाळच्या बातम्यांत ऐकायची ती गुलाबी बोंडअळी लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या गच्चीवर कशी पोचली, हे कोडं आहे. काकांनी कृषी केंद्रातून त्यावरचा उपाय आणून टांगला. मादी पतंगाच्या वासाने नर पतंग त्यात येऊन अडकतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरींनी विचारलं, "गच्चीवर ते पिशवीसारखं काय लोंबतंय?" काकांनी उभं राहून शासकीय शब्द खणखणीत उच्चारला: "कामगंध सापळा." सभा तिथेच तहकूब झाली.

इतकं करून बोंडं लहान राहिली. पाणी, ऊन, खत, सगळं तपासून झालं. राहिली माती.

कापसाला काळी कसदार माती लागते आणि कुंड्यांतली माती नर्सरीवाल्याने "चांगली आहे काका" म्हणून दिलेली. प्रमाणक नाही. तेव्हा परवा काका बारा कुंड्यांतून चमचा चमचा माती घेऊन, ती सावलीत वाळवून, कापडी पिशवीत घालून माती परीक्षणाला गेले. काकू मंडईला जायची होती, म्हणून बरोबर. मी गाडी चालवायला.

खिडकीत एक तरुण मुलगी बसली होती. तिने अर्ज पुढे केला. गट क्रमांकाच्या जागी काकांनी फ्लॅट क्रमांक घातला. क्षेत्र हेक्टरमध्ये मागितलं होतं. काकांनी कुंडीचा व्यास खिशातल्या टेपने आधीच मोजून ठेवलेला होता. त्यांनी तिथेच वर्तुळाचं क्षेत्रफळ काढलं, बाराने गुणलं आणि लिहिलं: ०.००००८७६ हेक्टर. "मागील पीक" या रकान्यात "मोगरा". मुलीने अर्ज वाचला, दशांशानंतरची शून्यं पेनच्या टोकाने मोजली, आणि शेतकऱ्याला विचारतात त्या सुरात, चेहरा न हलवता विचारलं, "काका, बागायत की जिरायत?"

काका विचारात पडले. मग मागे वळले.

"अगं, आपल्या गच्चीच्या नळाला पाणी रोज येतं की एक दिवसाआड?"